बोरी अरबच्या शिवाराची फाइल

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना अडाण नदीच्या काठावर बोरी अरब लागते. कापूस, सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख. पावसाळ्यात नदी चढू लागली की पुलावरून पाणी गेले का, याकडे दोन्ही काठांच्या माणसांचे लक्ष असते. या एका गावाबद्दल सरकारजवळ किती माहिती जमा आहे, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. गटांचे नकाशे भूमी अभिलेख खात्याकडे. जमिनीचा वापर, मातीची प्रत आणि नाल्यांचे जाळे नागपूरच्या एमआरसॅककडे; राज्याचे हे सुदूर संवेदन केंद्र १९८८ पासून काम करते आहे. विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे. शेततळी आणि बंधारे कृषी विभागाकडे. उभ्या पिकांचे फोटो ई-पीक पाहणीतून महसूल विभागाकडे. पावसाचे आकडे महसूल मंडळातल्या महावेध केंद्राचे. जमिनीचा चढउतार इस्रोच्या उपग्रहाने टिपलेला, तो हैदराबादला. आणि मूळ स्थलदर्शक नकाशे डेहराडूनला, सर्व्हे ऑफ इंडियाकडे. आता कोणत्याही ग्रामपंचायतीत जाऊन संगणक परिचालकाला विचारा, की यातले काय तुमच्या संगणकात आहे. बहुतेक ठिकाणी उत्तर येते, काही नाही.

माझे म्हणणे असे की ही माहिती गावाला फाइलच्या रूपात मिळायला हवी. पोर्टलवर नकाशा दिसतो, एवढ्याने भागत नाही. पोर्टलवर काय दाखवायचे आणि कशावर काय ठेवायचे हे कार्यालयाने आधीच ठरवून टाकलेले असते. त्याला न सुचलेला प्रश्न तिथे विचारता येत नाही. महाभूनकाशा या सरकारी पोर्टलवर गट क्रमांक टाकला की गटाची आकृती येते, हवी तर पीडीएफ निघते. ही सोय मोठी आहे, तालुक्याच्या चकरा तिने वाचवल्या. पण त्या गटातून कोणता नाला जातो, त्या नाल्यावर वरच्या अंगाला किती बंधारे झालेत, खालच्या विहिरींची पातळी त्यानंतर बदलली का, हे त्याच पडद्यावर कळत नाही. नाला एका खात्याचा, बंधारा दुसऱ्याचा, विहीर तिसऱ्याची. शेतकऱ्याच्या लेखी मात्र हे सगळे मिळून एक वावर असते.

खात्यांनी तोडलेले हे वावर पुन्हा जोडण्याचे साधन आज फुकट मिळते. गॅरी शर्मन या अमेरिकी तंत्रज्ञाने २००२ मध्ये सुरू केलेला क्यूजीआयएस हा कार्यक्रम आज जगभरचे स्वयंसेवक मिळून सांभाळतात. त्याला परवान्याचा खर्च नाही, तो साध्या लॅपटॉपवर चालतो, आणि एकदा फाइली उतरवून घेतल्या की इंटरनेट नसले तरी काम अडत नाही. आमच्याकडच्या विजेचा आणि नेटवर्कचा अनुभव असलेल्याला या शेवटच्या गोष्टीची किंमत सांगायला नको. मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला कुठे जायचे ते विचारतो आणि रस्ता दाखवतो. टेबलावरच्या संगणकात थरावर थर ठेवता येतात, त्यांची तुलना करता येते, क्षेत्र मोजता येते, निवड करता येते, आणि निघालेले उत्तर पुन्हा एका फाइलीत घालून शेजारच्या गावाला देता येते. मी मोबाइलपेक्षा टेबलावरच्या संगणकाची बाजू घेतो ती या कारणाने.

जे खुले आहे ते तरी किती आहे, पाहा. भुवन हे इस्रोचे नकाशा-पोर्टल २००९ मध्ये आले. कार्टोसॅटवरून तयार केलेली ३० मीटरच्या जाळीची उंचीची माहिती तिथून उतरवून घेता येते. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह २०१५ मध्ये सुटला. त्याच्या जोडीदारासह दर पाच दिवसांनी १० मीटरच्या बारकाव्याचे चित्र तो देतो आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाने २०१७ पासून १:५०,००० प्रमाणाचे नकाशे विनामूल्य उघडले, तेही पीडीएफमध्ये का होईना. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप तर कोणीही भरावा आणि कोणीही न्यावा असा आहे. एवढ्या चार गोष्टी हाताशी घेतल्या तर अडाणला मिळणारे सगळे ओहोळ आणि नाले, प्रत्येकाचे पाणलोट क्षेत्र, पावसाळ्याआधीची उघडी जमीन आणि ऑक्टोबरातले हिरवे रान एका बैठकीत डोळ्यांसमोर येते. अमेरिकेने लँडसॅट उपग्रहाची १९७२ पासूनची चित्रे २००८ मध्ये फुकट केली. तोवर वर्षाला काही हजारांत विकली जाणारी चित्रे त्यानंतर लाखांनी उतरवली जाऊ लागली, आणि जंगलतोडीपासून दुष्काळापर्यंतचा अभ्यास त्यांवर उभा राहिला. माहिती विकून जे मिळत होते त्याच्या कितीतरी पट ती वाटून मिळाले.

म्हणजे आकाशातून दिसणारे बोरी अरब आपल्याला सहज मिळते. अडते ते जमिनीवरून मोजलेले बोरी अरब. गटांच्या हद्दी, पांदणी, ई-क्लासची म्हणजे चराईची सरकारी जागा, निरीक्षण विहिरी, झालेली कामे: ज्या गोष्टींवरून गावात भांडणे होतात आणि ज्यांच्यावर गावाचा पैसा खर्च होतो, नेमक्या त्याच फाइलीच्या रूपात हाती येत नाहीत.

पांदणीचेच घ्या. काळ्या मातीत आषाढ-श्रावणात बैलगाडीसुद्धा रुतते, तिथे पांदण नसेल तर खताचे पोते डोक्यावरून न्यावे लागते आणि वेचलेला कापूस तसाच आणावा लागतो. जुन्या गाव नकाशावर पांदण स्पष्ट काढलेली असते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या वावरांनी ती हळूहळू गिळलेली असते. तो गाव नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएसमध्ये घ्यायचा. मग नकाशावरचा एक बिंदू आणि उपग्रहाच्या चित्रावरचा तोच बिंदू, अशा जोड्या लावत जायचे: जुनी बांधीव विहीर, दोन रस्त्यांची फुली, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, गावठाणाचा कोपरा. आठ-दहा जोड्या झाल्या की संगणक नकाशाला ताणून बसवतो आणि प्रत्येक जोडीत किती मीटरची चूक राहिली ते सांगतो. कागद वर्षानुवर्षे दमटपणाने फुगलेला आणि घड्यांनी आखडलेला असतो, त्यामुळे सगळीकडे सारखा तो बसत नाही. चूक आठ-दहा मीटरची राहिली तर या नकाशावरून शेजाऱ्याने बांध हातभर सरकवला की नाही ते ठरवता येणार नाही, आणि ठरवूही नये. त्यासाठी रीतसर मोजणी आहे. पण शिवारातल्या कोणत्या पांदणी अख्ख्या नाहीशा झाल्या, कोणत्या अर्ध्यात तुटल्या, कोणती एक मोकळी केली तर सर्वांत जास्त वावरांना वाट मिळेल, हे त्याच नकाशावरून ग्रामसभेला अर्ध्या तासात कळते. मोजणीचे पैसे कुठे भरायचे, हे मग अंदाजाने ठरवावे लागत नाही.

हेच काम भूमी अभिलेख खात्याने आधी करून ठेवलेले आहे, आणि ते आपल्यापेक्षा कितीतरी अचूक असणार. मग प्रत्येक गावाने स्कॅन केलेल्या कागदावरून दुय्यम दर्जाची नक्कल का करत बसावे?

क्यूजीआयएसवर गावपातळीचे गंभीर काम होऊ शकते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, सुरू झाला. मराठवाडा, पश्चिम विदर्भ, वर्धा आणि जळगाव मिळून १५ जिल्हे त्यात होते, यवतमाळही. या प्रकल्पासाठी मुंबई आयआयटीतील प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या ताळेबंदाचे एक प्लगिन केले, तेही क्यूजीआयएसमध्येच चालणारे. रोजचा पाऊस, मातीचा पोत आणि खोली, जमिनीचा उतार, त्यावरचे पीक एवढे त्याला दिले की पडलेल्या पाण्यातले किती वाहून गेले, किती मातीत राहिले, किती पिकाने उचलले आणि किती जमिनीत मुरले याचा दिवसादिवसाचा हिशेब ते करते. त्यातली खरी मोलाची गोष्ट अशी की हा हिशेब गावाच्या सरासरीवर थांबत नाही. एकाच शिवारात वरच्या माथ्याला वीतभर मुरमाड माती असते आणि नदीकाठी पुरुषभर काळी. ऑगस्टात पावसाने ओढ दिली की माथ्यावरचे सोयाबीन माना टाकते, तेव्हा खालचे हिरवेगार असते. गावाच्या सरासरीत हे दोघे एक होतात. नकाशात ते वेगळे दिसतात.

ताळेबंदाचा आकडा गावाच्या आराखड्यात येतो. तो ज्या थरांवरून काढला, ते थर मात्र गावाच्या हाती सहज येत नाहीत. त्यामुळे आकडा चुकला तर कुठे चुकला हे गावाला तपासता येत नाही. नदीकाठचे रान माथ्याची माती म्हणून धरले गेले असेल, तर ते गावातला कोणताही म्हातारा एका नजरेत सांगेल, फक्त त्याच्यापुढे नकाशा ठेवला पाहिजे. हिवरे बाजार या गावाने आपल्या पावसावरून पिकांचे नियोजन करण्याची शिस्त ग्रामसभेतच बसवली. तिथे हिशेब लोकांसमोर होतो म्हणून लोक तो पाळतात. सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी त्याचे उत्तर बंद खोलीतून आले तर गाव त्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

जलयुक्त शिवार अभियानातून हा धडा महाग किमतीला मिळाला आहे. कामांची ठिकाणे मोबाइलवर जिओटॅग झाली, फोटो चढले, पोर्टलवर ठिपके उमटले. २०२० मध्ये विधिमंडळात आलेल्या कॅगच्या अहवालाने ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्चानंतरही भूजलपातळी वाढवण्यावर फारसा परिणाम झाला नसल्याचे म्हटले. या निष्कर्षावर वाद झाले, चौकशा झाल्या. पण ते ठिपके फाइल म्हणून गावांना दिले असते, तर नाल्यांचा थर खाली ठेवून एखाद्या शिक्षकाने किंवा कृषी पदवीधर मुलाने काम चालू असतानाच पाहिले असते की एकाच ओढ्यावर पाच बंधारे आहेत, माथ्यावर एकही नाही, आणि तरीही सहावा खालीच मंजूर झालाय. कॅगचे लेखापरीक्षण पैसा खर्च झाल्यावर येते. गावाचे डोळे तिथे आधीपासून असतात.

आता फाइल मिळाली, एवढ्याने काम होईल असे मला म्हणायचे नाही. भूगोलाची माहिती वाटण्यात बारीक खाचखळगे आहेत, आणि यवतमाळ जिल्ह्यात त्यातला एक फारच विचित्र आहे. ७८ अंश पूर्व हा रेखांश दारव्हा आणि यवतमाळ यांच्या मधून जातो. भारताच्या नकाशाशास्त्रात ही रेषा थोर आहे. ब्रिटिश सर्वेक्षक लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण याच रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत आले, आणि तो स्वतः १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. आपल्या कामात मात्र ही रेषा घोळ घालते. मीटरमध्ये मोजण्यासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडतात. ७८ अंशाच्या पश्चिमेला ४३ वा पट्टा, पूर्वेला ४४ वा. बोरी अरब आणि दारव्हा ४३ मध्ये, जिल्ह्याचे ठिकाण ४४ मध्ये. जुन्या टोपोशीटच्या क्रमांकांतही तीच फाळणी आहे: दारव्हा ५५-एच, यवतमाळ ५५-एल. एखाद्या कार्यालयाने बोरी अरबच्या विहिरींची फाइल ४३ व्या पट्ट्यात केली आणि पट्टा न लिहिता पाठवली, उघडणाऱ्याने ती ४४ समजून उघडली, तर बोरी अरबच्या विहिरी सव्वासहाशे किलोमीटर पूर्वेला, ओडिशात जाऊन पडतात. ही चूक निदान दिसते तरी. न दिसणाऱ्या चुका अधिक वाईट.

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदू नये, हा नियम १९९३ च्या भूजल कायद्याने आणला. नळयोजनेच्या विहिरीभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढणे हे क्यूजीआयएसमध्ये एका बटणाचे काम. त्याला बफर म्हणतात. पण थर अक्षांश-रेखांशात असेल तर संगणक ५०० हा आकडा अंशांत घेतो, आणि अख्खी पृथ्वी वर्तुळात येते. मग कोणी ५०० मीटर म्हणजे ०.००४५ अंश असा हिशेब करून तो आकडा टाकतो. उत्तर-दक्षिण तो बरोबर येतो. पूर्व-पश्चिम मात्र आपल्या अक्षांशावर रेखांश जवळ आलेले असतात, त्यामुळे वर्तुळ सुमारे ३० मीटरने आखूड पडते. विसाव्या अक्षांशावरच्या शेतकऱ्याची विहीर नियमात की नियमाबाहेर, हे अशा तीस मीटरवर ठरू शकते. उपाय अवघड नाही. सगळ्या जिल्ह्याने एकच पट्टा धरावा, कडेच्या भागात येणारी चूक ५०० मीटरला जेमतेम हातभर असते, आणि प्रत्येक फाइलीसोबत तो पट्टा लिहून द्यावा.

मराठीचा प्रश्न याहून जिव्हाळ्याचा. कार्यालये आजही शेपफाइल नावाच्या रूपात माहिती देतात. हे रूप नव्वदच्या दशकातले. ती एक फाइल नसते, किमान तीन-चार फाइलींचा जुडगा असतो. त्यातली एक मागे राहिली की बाकीच्या आंधळ्या होतात. तिच्या तक्त्यात रकान्याचे नाव दहा बाइटचे. देवनागरीचे एक अक्षर तीन बाइट घेते, म्हणजे नावासाठी जेमतेम तीन अक्षरे. आत देवनागरी भरली आणि कोणत्या संकेतात भरली हे सांगणारी छोटी फाइल सोबत दिली नाही, तर गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. कुठे कुठे तर जुन्या फाँटमध्ये टंकलेली नावे असतात, ती इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतात. याला कंटाळून लोक नावे इंग्रजीत भरतात, आणि मग एका फाइलीत गावाचे नाव जोडून, दुसऱ्यात तोडून, तिसऱ्यात नुसते 'बोरी'. दोन तक्ते जुळवायला गेले की संगणक त्यांना तीन वेगळी गावे मानतो. जनगणनेचा किंवा पंचायतींच्या केंद्रीय सूचीतला गावाचा सांकेतिक क्रमांक प्रत्येक थरात असला तर हा प्रश्नच उरत नाही. २०१४ पासून जिओपॅकेज हे नवे रूप प्रमाण झाले आहे: एकच फाइल, देवनागरीची अडचण नाही, क्यूजीआयएस ती सहज उघडते. सरकारी कार्यालयांनी शेपफाइल सोडून जिओपॅकेज द्यायला सुरुवात केली तर मराठीसाठी ते अनेक परिपत्रकांपेक्षा मोठे काम होईल.

नकाशाची तारीखही अशीच हरवते. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला ही रेल्वेगाडी दारव्ह्यावरून जायची. गाडी बंद पडून वर्षे झाली, तरी कित्येक नकाशांवर रूळ अजून जिवंत आहेत. हे चटकन लक्षात येते, कारण गाडी बंद झाल्याचे सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीच्या वापराचा थर कोणत्या वर्षाच्या चित्रावरून केला, हे मात्र तो थर पाहून कोणालाही ओळखता येत नाही.

सर्वांत मोठा धोका मला वेगळाच वाटतो. कागदी नकाशाला मोजप्रमाण असते आणि त्याची मर्यादा डोळ्यांना दिसते. १:५०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. दोन एकरांचे वावर त्यावर दोन मिलिमीटरच्याही आतले. तोच थर संगणकात आला की हवा तेवढा मोठा करता येतो, आणि मातीच्या दोन प्रकारांमधली ती जाड पेन्सिलीची रेघ एका वावराच्या मधोमध जाताना दिसू लागते. मग कोणी म्हणतो, तुझे वावर हलक्या मातीत दाखवले आहे, तुला या योजनेत बसवता येत नाही. संगणकावर रेघ बारीक दिसते म्हणून ती बारीक मोजलेली असते असे नाही. फाइल देणाऱ्याने मूळ मोजप्रमाण लिहून दिले पाहिजे आणि घेणाऱ्याने ते आधी वाचले पाहिजे. जो ते वाचत नाही त्याच्या हाती नकाशा देऊ नये, असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या निकालावर कोणाचे अनुदान अडवू नये, असे ठामपणे म्हणेन.

खुल्या माहितीला विरोध करणारे दोन मुद्दे नेहमी मांडतात. पहिला सुरक्षेचा. २०१६ मध्ये केंद्राने भूस्थानिक माहितीच्या नियमनाचे विधेयक मसुद्यात आणले होते, त्यात १०० कोटींपर्यंत दंड आणि तुरुंगवास होता. ते मागे पडले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी वारे पार फिरवले: भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना नकाशे तयार करायला, वाटायला पूर्वपरवानगी लागत नाही. २८ डिसेंबर २०२२ ला अधिसूचित झालेले राष्ट्रीय भूस्थानिक धोरण त्याच दिशेचे; सर्व्हे ऑफ इंडियाची माहिती ही सगळ्यांची सामाईक संपत्ती मानावी असे त्यात म्हटले आहे. तेव्हा सुरक्षेचे कारण सांगून एखाद्या नाल्याचा थर नाकारणाऱ्या कारकुनाला हे दोन कागद दाखवावेत.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे. माहिती खुली झाली की जमिनीचे दलाल ती आधी वापरतील. खरे आहे, वापरतील. पण आज काय होते? रस्ता, रेल्वे, सौरप्रकल्प कुठून जाणार हे ज्यांच्याजवळ पैसा आणि ओळखी आहेत त्यांना आधीच कळते, आणि त्यांच्याकडे नकाशे करून देणारे पगारी तज्ज्ञ असतात. शेतकऱ्याच्या हाती येते ती अधिसूचनेतली गट क्रमांकांची लांबलचक यादी. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्ग असो की नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाचा वाद, आपल्या वावराच्या कोणत्या कोपऱ्यातून रेघ जाते, विहीर आत की बाहेर, उरलेल्या तुकड्याला वाट राहते की नाही, हे त्या यादीवरून समजत नाही. नकाशा बंद ठेवल्याने दलाल थांबलेला नाही, फक्त शेतकरी मागे राहिला आहे. उलट उदाहरण पाहा: मेंढा (लेखा) या गडचिरोलीतल्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्या जंगलाची हद्द कुठून कुठे जाते हे तिथल्या ग्रामसभेला पक्के माहीत होते, म्हणून तिला बोलता आले.

तरीही काही गोष्टी खुल्या करू नयेत, असेच माझे मत आहे. कोणाच्या नावावर किती कर्ज, कोणाच्या वावरात कोणते पीक, कोणाच्या बोअरला किती पाणी, हे नावानिशी नकाशावर यायला नको. गावात नावे काढून टाकली तरी गट क्रमांकावरून माणूस ओळखू येतो, हे शहरात बसून धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. म्हणून खाजगी विहिरींची माहिती पाणलोटानुसार एकत्र करून द्यावी, आणि सार्वजनिक गोष्टी, म्हणजे नाले, पांदणी, ई-क्लास, गावतलाव, बंधारे, पिण्याच्या पाण्याचे स्रोत, निरीक्षण विहिरी, या जशाच्या तशा द्याव्यात. रेघ इथे ओढली तर बहुतेक शंका मिटतात.

आणि देणे एकाच बाजूने असू नये. अडाणला मिळणाऱ्या लहान ओहोळांची गावातली नावे कोणत्याच सरकारी थरात सापडायची नाहीत. पूर कोणत्या साली कोणाच्या ओट्यापर्यंत चढला, कोणती विहीर मार्चमध्ये आटते आणि कोणती मेमध्येही साथ देते, हे जुन्या माणसांनाच ठाऊक. अतिवृष्टीचा निकाल महसूल मंडळातल्या एका पर्जन्यमापकावर लागतो, आणि ढग मंडळाची हद्द पाळत नाही. शाळेत, पंचायतीत एकेक साधा पर्जन्यमापक ठेवून त्याचे आकडे नकाशावर मांडणारे गाव पंचनाम्याच्या वेळी नुसती तक्रार करत नाही, ते नोंद पुढे ठेवते. विज्ञान किंवा भूगोल शिकलेली, शहरातून परतलेली मुले प्रत्येक मोठ्या गावात आहेत. त्यांना हे काम शिकायला काही आठवडे लागतात, वर्षे नाहीत.

कायदा आपल्या बाजूने आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे, तिच्यातच संगणकात साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक रूपात मिळवण्याचा हक्क सांगितलेला आहे.  कलम ४ तर म्हणते की अशी माहिती मागायची वेळच येऊ नये, कार्यालयांनी ती आपणहून जाहीर करावी.

बोरी अरबच्या आणि त्याच्यासारख्या प्रत्येक गावाच्या वाचकांना माझी विनंती आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जी ग्रामसभा आधी येईल तिच्यात एक ठराव घ्या: आमच्या शिवाराचे गट, नाले, पांदणी, ई-क्लास आणि आजवर झालेली जलसंधारणाची कामे यांचे थर जिओपॅकेज रूपात, गावाचा सांकेतिक क्रमांक, प्रक्षेपणाचा पट्टा, मूळ मोजप्रमाण आणि तारीख यांसह ग्रामपंचायतीला द्यावेत. ठरावाची प्रत तहसीलदारांना, भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांना आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना पाठवा, पोच घ्या, आणि तीस दिवसांत फाइल आली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.